प्रोजेक्ट देऊ नका, प्रश्न द्या!

रविवार सकाळ. साडेदहा वाजलेत. शनिवारचा रिलीज पहाटे तीनला संपलाय, त्यामुळे डोकं जड, कॉफी गार. अशा मुहूर्तावर फोन वाजतो. अर्धापूरहून मावसभावाचा.

‘‘दादा, उठलास का? एक प्रोजेक्ट दे ना. सोर्स कोडसकट. सबमिशन जवळ आलंय.’’

तुम्हालाही असे फोन येत असतील. गावाकडून पुण्या-मुंबईला येऊन कॉम्प्युटरवर काहीतरी करणारा प्रत्येक जण घरच्यांच्या लेखी ‘प्रोजेक्ट देणारा’ असतो. पोराला वाटतं, दादाच्या लॅपटॉपमध्ये डझनभर प्रोजेक्ट पडलेले असतील, त्यातला एखादा पाठवायला काय जातंय? पेनड्राइव्हमधून गाणी द्यावीत, तसं.

मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवणार, एवढ्यात मागून काकांचा आवाज आला. ते दुसऱ्या फोनवर केळीच्या व्यापाऱ्याशी बोलत होते. ‘‘परवापेक्षा आज कमी? काहून? परवा आन् आज, केळी तर तीच हाय ना?’’

झोप उडाली. कारण काकांनी चार शब्दांत जो प्रश्न विचारला, तो माझ्या चार वर्षांच्या डिग्रीत मला कुणी विचारला नव्हता.

आपलाही प्रोजेक्ट ‘तसलाच’ होता

आधी कबुली देतो. माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट विकतचा होता. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’. कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात सीडी, रिपोर्ट, काळं बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरं असं पॅकेज मिळायचं. आम्ही चौघांनी वर्गणी काढली. व्हायवात सरांनी विचारलं, ‘‘डेटाबेसला टेबलं किती?’’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. सर हसले आणि सही केली. त्या लायब्ररीत एकही पुस्तक कधी इश्यू झालं नाही!

तेव्हा सीडी होती, आता चॅटजीपीटी आहे. 2022च्या अखेरीस ते आलं आणि झेरॉक्सवाल्याचा तो धंदा बसला. कोड, रिपोर्ट, ‘फ्यूचर स्कोप’चं पान, सगळं फुकटात आणि स्पेलिंगच्या चुकांशिवाय. म्हणजे ‘प्रोजेक्ट देणं’ या गोष्टीला आता काही किंमतच उरली नाही. मग दादाकडे देण्यासारखं राहिलं काय?

राहिला तो प्रश्न. आणि त्या प्रश्नामागं टिकून राहण्याचा पेशन्स. संशोधनातला मेंटर या दोनच गोष्टी देतो.

मी भावाला परत फोन लावला. ‘‘प्रोजेक्ट नाही देत. पण काकांना आज कमी भाव का मिळाला, ते शोधशील का?’’

पलीकडं शांतता. मग, ‘‘दादा, ते कॉम्प्युटरमध्ये येत नाही.’’

एक घड, दोन विद्याशाखा

येत नाही? बघू या.

अर्धापूर म्हणजे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. आजूबाजूला केळी आणि हळद. ‘अर्धापुरी’ नावाचा केळीचा वाणच आहे. आज बहुतेक बागांमध्ये ग्रँड नैन दिसते, हा भाग वेगळा. केळीची गंमत अशी की लागवडीनंतर जवळपास वर्षभर शेतकरी थांबतो, पण घड तयार झाला की तो शेतकऱ्यासाठी थांबत नाही. सोयाबीन घरात ठेवता येतं, भाव बघून विकता येतं. केळी ठेवता येत नाही. दोन-चार दिवसांत सौदा झाला नाही तर माल झाडावरच पिकायला लागतो. समोरच्या व्यापाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

आता या एका घडात दोन विषय लपलेत. कॉम्प्युटरवाला म्हणेल, रोजचे दर गोळा करू, ग्राफ काढू, उद्याचा भाव सांगणारं मॉडेल बांधू. अर्थशास्त्रवाला म्हणेल, थांब, ज्याला वाट बघताच येत नाही त्याला उद्याचा भाव कळून उपयोग काय? दोघंही बरोबर. पण हे दोघं कॉलेजमध्ये एकमेकांना भेटतच नाहीत! एकाची लॅब, दुसऱ्याचा वर्ग. गाठ पडली तर कँटीनमध्ये, तीही क्रिकेटवर.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीचंच बघा. 1981मध्ये सुरू झालेलं श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय तिथं. 1994मध्ये स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तिथंच. संगणक, अर्थशास्त्र, वाणिज्य, सगळं एका रस्त्यावर. अंतर रिक्षाचं, पण ओलांडायचं कुणी?

म्हणून मी पहिली अट घातली. टीममध्ये अर्थशास्त्राचं कुणीतरी हवं. भावानं बी.ए. करणारी एक शाळेतली मैत्रीण शोधली. ती पहिल्याच व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ‘‘मला कोडिंग येत नाही.’’ भाऊ म्हणाला, ‘‘मला इकॉनॉमिक्स येत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘झकास! आता एकमेकांना समजावून सांगितल्याशिवाय तुमचं काही होणार नाही.’’

केरळचे मासे, महाराष्ट्रातले एसएमएस

पहिल्या रविवारी मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही खऱ्या.

पहिली केरळची. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाइल आला. त्याआधी मच्छीमार सापडलेले मासे घेऊन नेहमीच्या किनाऱ्यावर यायचा. तिथं गिऱ्हाईक नसलं की मासे फेकून द्यायचा, आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं परत जायची. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच फोन करायला लागला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं याचा अभ्यास 2007मध्ये प्रसिद्ध केला. मासे फेकणं जवळपास थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा!

भाऊ खूश. ‘‘म्हणजे आपण भावाचं ॲप काढायचं!’’

मग दुसरी गोष्ट, आपल्या महाराष्ट्राची. 2007मध्येच रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा इथं सुरू झाली. बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, सगळं शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएसनं. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या 100 गावांत त्याचा प्रयोग केला. काही गावांतल्या शेतकऱ्यांना सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि फरक मोजला. 2012मध्ये निष्कर्ष छापून आला. शेतकऱ्याला मिळालेल्या भावात, सरासरी पाहता, म्हणावा असा फरक पडला नाही.

तोच मोबाइल, तीच माहिती. तिकडं जमलं, इकडं नाही. का?

हे उत्तर मी सांगितलं नाही. (खरं तर पूर्ण उत्तर मलाही येत नाही.) पुढच्या रविवारी मैत्रीण म्हणाली, ‘‘मच्छीमाराकडं होडी होती, दादा. भाव कळल्यावर तो वळू शकत होता. काकांची बाग कशी वळणार?’’

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. आता एकच प्रश्न दोन्ही विषयांचा झाला होता. काकांना भाव कळत नाही ही अडचण आहे, की कळूनही दुसरीकडं जाता येत नाही ही अडचण आहे? पहिलं असेल तर ॲपचा उपयोग. दुसरं असेल तर ॲप कितीही देखणं असो, ते काकांना फक्त एवढंच सांगणार, की तुमचं किती नुकसान झालं!

डेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत

आता डेटा. बाजार समित्यांचे दर देणारं सरकारी ॲगमार्कनेट 2000 सालापासून आहे. 14 एप्रिल 2016पासून ई-नामही आलं. भावानं दोन संध्याकाळी बसून पायथनमध्ये कोड लिहिला आणि दर उतरवून घेतले. किमान, कमाल आणि सर्वसाधारण अशा तीन रकान्यांची भली मोठी एक्सेल शीट. मला पाठवली, सोबत अंगठ्याचं चिन्ह.

मी विचारलं, ‘‘यात काकांची केळी कुठं आहे?’’

नव्हतीच! काकांचा सौदा होतो बांधावर. व्यापारी येतो, बाग बघतो, भाव ठरतो, टेम्पो भरतो. 2016मध्ये राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून असा बाहेरचा सौदा कायद्यानंही सरळ आहे. पण बांधावर विकलेला माल समितीच्या वहीत चढत नाही, आणि वहीत नाही ते पोर्टलवर येत नाही. स्क्रीनवर दिसतो तो बाजाराचा एक तुकडा. सगळा बाजार नव्हे.

मग खरा डेटा कुठं सापडला माहितीये? काकांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. व्यापाऱ्यांनी दिलेल्या हिशेबाच्या जुन्या पट्ट्या. तारीख, वजन, दर, दांड्याचं वजन वजा, हमाली वजा. काही पेन्सिलीनं लिहिलेल्या, काही पावसात भिजलेल्या. मैत्रीण त्या घेऊन ओसरीवर बसली. तिला अक्षर लागायचं, भाऊ टाइप करायचा. तिसऱ्या पट्टीला तिनं विचारलं, ‘‘काका, हे वजा केलेलं वजन दर वेळी वेगळं का?’’

काका म्हणाले, ‘‘ते मलाबी कळलं नाही बाळा. विचारलं तर गाडी रिकामी जाती.’’

त्या पोर्टलवर हा रकाना नाही. हा रकाना विचारल्याशिवाय सापडत नाही. भावाच्या कोडमध्ये त्या दिवशी एक नवं व्हेरिएबल आलं. आणि काकांनी पोरांच्या हातातल्या लॅपटॉपकडं पहिल्यांदा जरा आदरानं बघितलं.

हे नवीन नाही, मंडळी

कुणाला वाटेल, हे सगळं परदेशी फॅड. अजिबात नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930मध्ये सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. 1933मध्ये त्यांनी केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. विषय काय? पुण्यातला फळबाजार! फळ कुठून येतं, कुणाच्या हातून जातं, कोण किती ठेवून घेतं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. वही होती आणि विचारायची हिंमत होती.

आणि आजचं उदाहरण हवं असेल तर आयआयटी मुंबईत मिलिंद सोहोनी. प्राध्यापक कॉम्प्युटर सायन्सचे, पण विद्यार्थ्यांना त्यांनी पाठवलं गावोगाव. नळयोजना का बंद पडते, पाण्याचा हिशेब कसा मांडायचा, असे प्रश्न घेऊन. त्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ नावाचं केंद्र 1985पासून आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपल्याच जिल्ह्याचे प्रश्न घ्यावेत, म्हणून 2016मध्ये राज्य सरकारनं ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ काढलं, त्यामागं हाच अनुभव होता.

‘पण दोन विषय एकत्र करून फायदा कुणाला?’ असं विचारणाऱ्यांनी आपली ॲडमिशन आठवावी. 2015च्या आधी आयआयटी आणि एनआयटीच्या जागा वेगवेगळ्या वाटल्या जायच्या. एकच पोरगा दोन्हीकडं जागा अडवून बसायचा, नंतर एक सोडायचा, आणि ती रिकामी राहायची. 2015मध्ये दोन्हींचं वाटप एकत्र झालं. आयआयटी कानपूरचे सुरेंदर बस्वाना, आयआयटी मुंबईचे शरत चंद्रन ही कॉम्प्युटरची माणसं आणि कोलंबिया बिझनेस स्कूलचे यशोधन कनोरिया यांच्यासारखे बाजाररचनेचे अभ्यासक या कामात होते. मूळ कल्पना डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली यांच्या 1962च्या लेखातली. लेखाचं नाव ऐका, ‘कॉलेज प्रवेश आणि लग्नाचं स्थैर्य’! जागा आणि स्थळं, दोन्ही जुळवायचं गणित एकच. शेप्ली यांना अल्विन रॉथ यांच्यासोबत 2012मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पत्रिका जुळवणाऱ्यांनी वाचायला हरकत नाही.

उत्तर ‘नाही’ आलं तर?

मधे एकदा भावाचा रात्री अकराला फोन आला. आवाज पडलेला. मॉडेल चालत नव्हतं. समितीच्या दरावरून काकांच्या पट्टीवरचा दर सांगता येत नव्हता. ‘‘दादा, सगळं वाया गेलं. मार्क जाणार.’’

आपण लातूर पॅटर्नच्या मातीतली माणसं. घोटून सराव, जुने पेपर, उत्तरपत्रिका, रँक. त्या पॅटर्ननं मराठवाड्यातल्या हजारो पोरांना डॉक्टर, इंजिनिअर केलं, त्याची टिंगल करायचं कारणच नाही. पण त्यात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेवटच्या पानावर असतं. संशोधनाला शेवटचं पान नसतं. ‘जुळत नाही’ हेसुद्धा उत्तर असतं. महाराष्ट्रातल्या त्या 100 गावांच्या अभ्यासाचं उत्तर ‘नाही’च होतं की, तरी तो छापला गेला! उलट तो खोटा ‘हो’ सांगून गेला असता, तर किती जणांनी त्या जोरावर पैसे ओतले असते?

मी म्हटलं, ‘‘न जुळणं हीच तुझी बातमी आहे. ते का जुळत नाही, एवढं लिही.’’ तो पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, ‘‘पण सर मानतील का?’’

ही भीती खरी आहे. विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आविष्कार’ ही राज्यपातळीवरची संशोधन स्पर्धा 2006पासून होते. चांगली गोष्ट. तिच्यात सहा गट. मानव्यविद्या-भाषा-कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, विज्ञान, शेती-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, वैद्यक-औषधनिर्माण. आता सांगा, काकांची केळी कुठल्या गटात? शेती? वाणिज्य? तंत्रज्ञान? पोरं दोन दिवस यावर भांडली. शेवटी मैत्रीण म्हणाली, ‘‘गट कुठलाही असू दे, प्रश्न काकांचा आहे.’’

2020च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट आणि रिसर्च प्रोजेक्टला पदवीत क्रेडिट मिळायला लागलंय. म्हणजे कागदावर दार उघडलंय. पण कॉलेजातल्या एका मॅडमच्या वाट्याला किती पोरं येतात, बघा जरा. प्रत्येकाच्या पट्ट्या त्या कधी वाचणार? इथंच तुमची-आमची गरज आहे.

मेंटर व्हायचंय? मग हे वाचा

● आठवड्याला एक तास. ठरलेला. ‘वेळ मिळाला की बोलू’ म्हणजे कधीच नाही. आपल्या स्टँडअप मीटिंगइतकीच शिस्त ठेवा.

● टीम मिश्र हवी. एक कॉम्प्युटरचा, एक अर्थशास्त्र किंवा कॉमर्सचा. कामं वाटा, पण महिन्यातून एकदा अदलाबदल करा. कोडवाल्यानं मुलाखत घ्यायची, अर्थशास्त्रवालीनं ग्राफ काढायचा.

● पहिला महिना कोड बंद. आधी बाजारात, बांधावर, दुकानात जायचं. प्रश्न एका वाक्यात लिहिता आला की लॅपटॉप उघडायचा.

● प्रश्न लहान ठेवा. ‘भारतीय शेती आणि एआय’ नको. ‘आमच्या गावातल्या दहा बागांचा दर समितीच्या दरापेक्षा वेगळा का?’ हे चालेल.

● माणसांचा मान राखा. पट्टी बघण्याआधी परवानगी, रिपोर्टमध्ये नावं झाकलेली, आणि शेवटी निष्कर्ष त्यांना मराठीत सांगायचा. ज्यानं डेटा दिला त्याला उत्तर मिळायला हवं.

● एआय वापरू द्या, पण प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारा. सांगता आलं तर ठेवा, नाही तर डिलीट.

● तुम्ही कोड लिहू नका! हे सगळ्यात अवघड. बोटं शिवशिवतात. आवरा. तुम्ही लिहिलंत, की पुन्हा झेरॉक्सचं दुकान सुरू झालं.

आणि काका?

सबमिशनच्या आदल्या रविवारी मी अर्धापूरला गेलो. ओसरीवर चटई, चटईवर लॅपटॉप. दोघांनी काकांना सगळं समजावून सांगितलं. काय कळलं, काय नाही कळलं, आणि कुठं ‘आम्हाला माहीत नाही’ असं लिहिलंय, तेही. मैत्रीण बोलत होती, भाऊ ग्राफ दाखवत होता. मावशीनं दोनदा चहा केला.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ‘‘म्हंजे उद्याचा भाव काही सांगता येत नाही.’’

‘‘नाही काका.’’

‘‘पण वजनात किती कापलं, हे आता तारखेवार दिसतंय?’’

‘‘हो. सगळं.’’

काका उठले, आतून चष्मा आणला आणि त्या वजनाच्या रकान्यावर बोट ठेवून बसले. बराच वेळ. मग भावाला म्हणाले, ‘‘हे पान तेवढं कागदावर काढून दे. मोठ्या अक्षरात.’’

माझ्या लायब्ररीतून कधी एक पुस्तक गेलं नाही. या प्रोजेक्टचं एक पान मात्र काकांच्या खिशात आहे. पुढच्या वेळी टेम्पो येईल, तेव्हा ते बाहेर निघेल. व्यापारी काय म्हणेल, गाडी रिकामी जाईल का, माहीत नाही. दोघंही बांधावर उभं राहून बघणार आहेत. वही घेऊन.

बरं, पुढच्या रविवारी साडेदहाला तुमचा फोन वाजला, तर उचला. आणि प्रोजेक्ट तेवढा देऊ नका.